न्याहारीचे ताट आणि वाढणारे हात

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, ग्रेट स्मोकी पर्वतराजीच्या पायथ्याशी गॅटलिनबर्ग नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाची कायम वस्ती चार हजारांच्या आत. परंतु त्याला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानाला वर्षाकाठी १ कोटी २० लाखांहून अधिक भेटी दिल्या जातात आणि त्या प्रवाशांचा मोठा ओघ याच गावातून वाहतो. ऑक्टोबर महिन्यात झाडे तांबडी-पिवळी झाली की गर्दीला पारावार राहत नाही. सकाळी डोंगरावरचे निळसर धुके विरण्यापूर्वीच मुख्य रस्त्यावर रांगा लागतात. या रांगा देवदर्शनासाठी नसतात, की एखाद्या खेळाच्या तिकिटासाठीही नसतात. त्या असतात न्याहारीसाठी. येथील ‘पॅनकेक पँट्री’ हे उपाहारगृह १९६० साली सुरू झाले आणि टेनेसीतील पहिले पॅनकेकगृह म्हणून ते ओळखले जाते. त्याचे यश पाहून पुढे तशी अनेक निघाली. आज दक्षिणी पद्धतीची न्याहारी हे या डोंगराळ गावाचे एक प्रेक्षणीय स्थळच होऊन बसले आहे.

रांगेत तिष्ठून आत गेलेल्या महाराष्ट्रीय प्रवाशाची पहिली फसगत शब्दांनी होते. ‘बिस्किट’ मागवले तर चहात बुडवावयाचे खुसखुशीत बिस्किट येत नाही. ताक घालून भिजवलेल्या पिठाचा, भट्टीत फुगलेला, पदर सुटणारा मऊ गरम पाव येतो. ‘ग्रेव्ही’ म्हणताच लाल रस्सा डोळ्यांपुढे उभा राहतो. बशीत मात्र डुकराच्या मांसाच्या चरबीत पीठ परतून, दूध व मिरपूड घालून शिजवलेले पांढरे कालवण असते. पॅनकेक म्हणजे जाडसर, जाळीदार धिरडेच. परंतु ‘ग्रिट्स’ समोर आले की परकेपणा ओसरतो, कारण त्या मक्याच्या कण्या असतात. ज्याच्या घरी ताकातल्या कण्या शिजत, त्याला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. बिस्किटावर ओतला जाणारा ‘सॉर्गम’चा पाक चाखला तर काकवीची आठवण होते, आणि तोही असतो ज्वारीच्याच एका गोड धाटाच्या जातीचा.

या साम्याचे कारण सरळ आहे. हे सारे मुळात कष्टकऱ्यांचे अन्न होय. डोंगरात गहू थोडा, मका मुबलक; डुक्कर प्रत्येकाच्या दारी. पांढऱ्या ग्रेव्हीला आजही ‘करवतगिरणीची ग्रेव्ही’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी याच पर्वतातील जंगल लाकूड कंपन्यांनी अफाट प्रमाणात तोडले आणि तोडीच्या तळांवर राबणाऱ्या मजुरांना स्वस्तात पोटभर होईल असे अन्न लागत होते. जे एके काळी दारिद्र्याचे लक्षण होते, ते आज परंपरा म्हणून रांगा लावून खाल्ले जाते. त्यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच की, परंपरा म्हणून चव जतन होत असताना ती चव निर्माण करणाऱ्या हातांचे काय होते?

ताटातील इतिहास

मक्यापासून आरंभ करावा. हा मका येथील मूळ रहिवासी चेरोकी लोकांचा. राखेच्या पाण्यात मका उकळून त्याची साले काढण्याची रीत आदिवासींचीच. या रीतीने मक्यातील एक जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते, हे विज्ञानाला फार उशिरा कळले. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी मका घेतला आणि मागाहून जमीनही घेतली. १८३० च्या कायद्यानंतर १८३८ मध्ये चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलण्यात आले. त्या काळात सुमारे ४,००० माणसे मेली असावीत, असा अंदाज सांगितला जातो. जे मागे राहिले, त्यांचे वंशज पर्वताच्या पलीकडच्या उताराला, उत्तर कॅरोलिनात आहेत. या पर्वतराजीच्या सर्वोच्च शिखराला एका गोऱ्या सेनानीचे नाव होते. ‘कुवोही’ हे चेरोकी नाव त्याला परत मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

दुसरा हात कृष्णवर्णीय स्त्रीचा. दक्षिणेतील श्रीमंत घरांची स्वयंपाकघरे दीर्घकाळ गुलाम स्त्रियांनी चालविली. दक्षिणी पाककलेचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. या ऋणाची फेड कशी झाली, हे पॅनकेकच्याच इतिहासात पाहावे. ‘आंट जेमायमा’ या नावाचे तयार पीठ १८८९ मध्ये बाजारात आले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन या केंटकीत गुलामीत जन्मलेल्या स्त्रीला त्या नावाने उभे करण्यात आले. डोक्याला रुमाल बांधलेली, सदैव हसणारी, मालकाच्या सेवेतच कृतार्थ असणारी अशी ती प्रतिमा पिठाच्या पुड्यावर शंभरांहून अधिक वर्षे टिकली आणि २०२१ मध्ये ते नाव मागे घेण्यात आले.

तिसरा हात डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्याचा. १९३४ मध्ये स्थापन झालेले हे राष्ट्रीय उद्यान ओसाड जागेवर उभे राहिले नाही. दोन्ही राज्यांतील नागरिकांच्या वर्गण्या, सरकारी पैसा आणि रॉकफेलर निधीचे ५० लाख डॉलर यांतून जमीन खरेदी झाली. लाकूड कंपन्यांबरोबर शेकडो शेतकरी कुटुंबांनाही घरे सोडावी लागली. केड्स कोव्ह खोऱ्यातील जॉन ऑलिव्हर हे वर्षानुवर्षे न्यायालयात झगडले. अखेर १९३७ मध्ये त्यांनाही निघावे लागले. उद्यानाने तोडलेले जंगल वाचले, हे निर्विवाद. परंतु आज त्या खोऱ्यातील लाकडी घरे प्रवासी पाहतात ती रिकामी. आणि त्या घरांतली न्याहारी ते खातात ती मुख्य रस्त्यावर, विकत.

टेबलाशी कोण बसणार?

१९६० हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत, याच टेनेसी राज्याच्या राजधानीत, नॅशव्हिलमध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थी दुकानांतील खाद्यगृहांत जाऊन शांतपणे बसू लागले. त्यांना वाढले जाईना, ते उठेनात. त्यांनी मार खाल्ला, तुरुंगवास पत्करला. १० मे १९६० रोजी तेथील काही खाद्यगृहांनी त्यांना वाढण्यास आरंभ केला. देशभर मात्र हा हक्क १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आला.

त्या कायद्याची परीक्षाही एका उपाहारगृहावरूनच झाली. अलाबामातील बर्मिंगहॅम येथे ‘ऑलीज बार्बेक्यू’ हे उपाहारगृह १९२७ पासून चालत होते. कृष्णवर्णीयांना तेथे बसून खाण्याची मनाई होती. तेथील ३६ नोकरांपैकी दोन तृतीयांश मात्र कृष्णवर्णीय होते! ज्यांच्या हातचे चालत होते, त्यांची पंगतीतली उपस्थिती तेवढी चालत नव्हती. मालकांचे म्हणणे असे की, स्थानिक धंद्यात केंद्र सरकारला ढवळाढवळ करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९६४ रोजी एकमताने ते फेटाळले. तेथील खरेदीपैकी ४६ टक्के रकमेचे मांस परराज्यातून आलेले होते. म्हणून आंतरराज्य व्यापाराचा कायदा त्या टेबलापर्यंत पोहोचला.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे महाड आठवल्यावाचून राहणार नाही. ‘ऑलीज’ निघाले त्याच १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला होता. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांतील प्रवेशाला भेदभावाची आडकाठी होऊ नये, असे १९५० मध्येच सांगितले. म्हणजे अमेरिकन कायद्याच्या १४ वर्षे आधी. कायदा आधी आला, तरी निराळी कपबशी अनेक गावांतून त्यानंतरही गेली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

वाढणाऱ्याचा प्रश्न

टेबलाशी कोण बसणार, हा प्रश्न कायद्याने सोडविला. टेबलाशी उभे राहून वाढणाऱ्याला काय मिळणार, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. गोड हसून ‘हनी’ म्हणणारी, कॉफीचा पेला रिता होण्यापूर्वीच तो भरणारी वेट्रेस हे दक्षिणी न्याहारीचे एक भूषण मानले जाते. तिच्यासारख्या टिपवर जगणाऱ्या नोकरदारांसाठी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ठरविलेले किमान रोख वेतन आहे तासाला २ डॉलर १३ सेंट. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप मिळून तासाचे ७ डॉलर २५ सेंट होत नसतील, तर उरलेली भरपाई मालकाने करावी असा नियम आहे, परंतु ७.२५ हा आकडाही २००९ पासून जागचा हललेला नाही. अनेक राज्यांनी स्वतःचे अधिक वेतनदर ठरविले; टेनेसीने स्वतःचा किमान वेतनाचा कायदाच केलेला नाही. २०२५ च्या नव्या कायद्याने टिपच्या उत्पन्नावर आयकरात सवलत दिली आहे. परंतु जिचे उत्पन्न करपात्रच होत नाही, तिला या सवलतीचा लाभ काय?

अशा वेतनपद्धतीचा अर्थ असा की, वाढणारीच्या पगाराचा मोठा भाग मालकाच्या नव्हे, गिऱ्हाइकाच्या हाती असतो. तिचे हसू हा मग स्वभाव राहत नाही; ती कामाची अट बनते. हंगामातल्या गर्दीत तिची कमाई बरी होते, नाही असे नाही. पण पावसाळी मंगळवारी रिकाम्या टेबलांपुढे उभी असता ती त्याच दराने उभी असते.

२८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री डोंगरातील वणवा वाऱ्यासरशी गॅटलिनबर्गमध्ये शिरला. १४ माणसे दगावली. सुमारे २,५०० इमारतींची हानी झाली. याच सेव्हियर परगण्यात जन्मलेल्या गायिका डॉली पार्टन यांनी घर गमावलेल्या कुटुंबांना दरमहा १,००० डॉलर सहा महिने मिळतील अशी व्यवस्था केली. ही मदत थोर होती. पण न्याहारी वाढणाऱ्याला ज्या गावात राबावे लागते त्या गावात राहणे परवडावे, ही गोष्ट एखाद्या कलावंताच्या औदार्यावर सोडता येत नाही. पर्यटकांना रोजच्या भाड्याने देण्यात जेथे अधिक पैसा आहे, तेथे नोकरदाराला महिन्याच्या भाड्याने घर मिळणे दुरापास्त होते.

हे केवळ अमेरिकेचे दुखणे आहे असे मानून सुस्कारा सोडण्याचे कारण नाही. आपल्या घाटमाथ्यावरील गावांतूनही ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या झळकतात. शहरातून आलेला पाहुणा गरम भाकरीचे कौतुक करतो, आणि ते कौतुक खरेही असते. धुरात डोळे चोळीत भाकरी थापणाऱ्या बाईला दिवसाचे काय मिळते, हे त्याने कधी विचारलेले नसते.

गॅटलिनबर्गच्या टेबलाशी आज कोणत्याही वर्णाचा माणूस बसू शकतो. त्यासाठी नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना मार खावा लागला होता. तो हक्क उपभोगणाऱ्याने उठताना टिप भरघोस ठेवावी, हे उचितच. पण ती देऊन आपण सुटलो असे समजू नये. टिप ही दात्याची मर्जी आहे आणि वेतन हा कष्टाचा हक्क आहे. एका पिढीने पंगतीत बसण्याचा हक्क मर्जीतून सोडवून कायद्यात आणला. वाढणाऱ्याचा मोबदलाही तसाच कायद्यात आणणे, हे दुसऱ्या पिढीचे काम राहिले आहे.