आठवड्यातील दीड दिवस

केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ १९५५च्या अखेरीस नोकरी सोडून गेले आणि किरणोत्सारी समस्थानिकांवर देखरेख ठेवण्यास कायद्याने आवश्यक असलेला माणूस उरला नाही. विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे अध्यापक ॲलन कॉरमॅक यांना बोलावणे आले. १९५६च्या पूर्वार्धात ते आठवड्यातून दीड दिवस रुग्णालयात जात. किरणोपचाराची मात्रा ठरविताना तेथील मंडळी हाड, स्नायू, फुप्फुस सारे एकाच घनतेचे धरीत, हे त्या बाहेरच्या माणसाच्या नजरेला खुपले. शरीरातील निरनिराळ्या भागांचे किरणशोषण बाहेरून मोजता येईल काय, हा प्रश्न तेथे उपजला, सी. टी. स्कॅनचे गणित त्यातूनच आले.

त्यांचे निबंध १९६३ व १९६४ साली भौतिकीच्या नियतकालिकात छापले गेले. आम्हा वैद्यांपैकी कोण ते उघडणार? प्रतीची मागणी आली ती स्वित्झर्लंडच्या हिमप्रपात संशोधन केंद्राकडून! आणि हे गणित योहान राडॉन यांनी १९१७ सालीच सोडवून ठेवले होते. कॉरमॅक यांना ते पुष्कळ वर्षांनी कळले. लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्र घडविले, १९७१ साली त्यावर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. १९७९चे नोबेल दोघांना मिळाले.

आपल्या बडोद्यातील महाराजा सयाजीराव विद्यापीठात वैद्यक, विज्ञान आणि तंत्रविद्या या तिन्ही शाखा आहेत. नव्या समित्या नकोत. गणिताच्या एखाद्या अध्यापकाला आठवड्यातून अर्धा दिवस आमच्या बाह्यरुग्ण विभागात नुसते बसू द्यावे, आणि तो वेळ त्यांच्या कार्यभारात मोजावा.