जुन्या होम थिएटरचा आवाज कमी खर्चात कसा सुधारावा?

आज बहुतेक घरांत मोठा टीव्ही आला आहे. टीव्ही जितका पातळ झाला तितका त्याच्या आतला स्पीकर लहान झाला. त्यामुळे चित्र उत्तम, पण बोललेले शब्द कळत नाहीत, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. मग हप्त्यावर नवा संच उचलला जातो. हप्त्यात व्याज असते आणि पुष्कळदा ते किमतीतच मिसळलेले असते. घरात दहा-बारा वर्षांपूर्वीचा संच पडून असेल तर आधी थोडा हिशेब मांडावा. जुना संच बऱ्याच वेळा थोड्या पैशांत सुधारतो, आणि तो पैसा मोहल्ल्यातल्या सुताराच्या, शिंप्याच्या व रिपेअरवाल्याच्या हाती जातो.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका

कापड घेताना जाणकार गिऱ्हाईक लेबलवर जात नाही. तो पन्हा, वजन आणि पोत बघतो. स्पीकरचेही तसेच आहे. खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून हजारो वॅट छापलेले असतात. या आकड्याला कोणतेही ठरलेले माप नाही. 'आरएमएस' हा आकडा विचारावा. दुसरे म्हणजे वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. म्हणून १ वॅटवर १ मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल देतो, हे बघणे जास्त फायद्याचे आहे. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जेवढे वॅट लागतात, त्याच्या निम्म्यात ९० डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज देतो.

तिसरा आकडा ओहमचा. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर कधीही जोडू नये. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जागी समांतर जोडले तर ते ४ ओहम होतात. अ‍ॅम्प्लिफायर तापतो आणि जळूही शकतो.

बिनखर्चाची कामे

पहिले काम, तारा तपासणे. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले तर दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि घुमारा नाहीसा होतो. तार अ‍ॅम्प्लिफायरमधून काढून मोठ्या स्पीकरला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला असता कागद बाहेर यायला हवा. लहान ट्वीटरवर हा प्रयोग करू नये.

दुसरे काम, जागा बदलणे. पुढचे स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावेत. कपाटात कोंबलेला किंवा पलंगाखाली ढकललेला स्पीकर कितीही भारी असला तरी वाया जातो. सबवूफर अगदी कोपऱ्यात ठेवला की घुमारा वाढतो, पण शब्द झाकले जातात. तो थोडा थोडा सरकवून ऐकावे.

दुरुस्ती आधी, खरेदी नंतर

स्पीकरच्या कडेचा फोम आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटतो. लोक समजतात स्पीकर गेला. खरे तर फक्त कड गेलेली असते. ती नवी बसवता येते. रबराची कड मिळाली तर जास्त टिकते. कॉइल जळली असेल तर तीही बदलून मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतात.

तार खरेदी करताना तांब्याचीच मागावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तारही तांब्याच्या नावाने खपते. तार चाकूने खरवडली की आत पांढरी धातू दिसते. घरच्या दहा मीटरच्या अंतराला १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. महागड्या नावाजलेल्या तारांवर पैसा घालणे ही निव्वळ फजूलखर्ची आहे.

कापडाचे काम

आता आमच्या धंद्याची गोष्ट. उघड्या भिंती आणि फरशीच्या खोलीत आवाज आपटून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. स्पीकर व बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा घालावा. पडदा ताणून लावू नये. खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेऊन चुण्यांचा करावा आणि भिंतीपासून चार बोटे पुढे टांगावा. जड सुती किंवा मखमली कापड चांगले. दुकानातले उरलेले तुकडे व थानाची टोकेही चालतात. मात्र कापडाने फक्त वरचा तीव्र आवाज शोषला जातो, सबवूफरचा घुमारा थांबत नाही.

स्पीकरच्या तोंडावरची जाळी फाटली असेल तर तिथे उलट विरळ विणीचे कापड हवे. कापड ओठांसमोर धरून फुंकर मारावी. हवा आरपार सहज गेली तरच ते कापड वापरावे. घट्ट विणीचे कापड लावले की आवाज दबतो.

पैसा कुठे आधी घालावा?

चित्रपटातले आणि मालिकांतले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणून नवे काही घ्यायचे तर आधी मधला स्पीकर, मग डावा-उजवा, नंतर सबवूफर आणि सर्वांत शेवटी मागचे दोन. शक्य असल्यास पुढचे तिन्ही एकाच जातीचे असावेत, म्हणजे आवाजाचा पोत बदलत नाही. एकाच वेळी सगळे घेण्याची गरज नाही. रोखीने एक-एक घ्यावा.

आपल्या कारागीर भावांसाठी यात रोजगार आहे. कड बदलणे, १८ मिलिमीटरच्या एमडीएफची हवाबंद पेटी बनवणे आणि कापड चढवणे, ही तिन्ही कामे लहान जागेत होतात. फक्त पेटीचे आतले माप स्पीकरप्रमाणे ठरवावे. अंदाजाने बनवलेली पेटी नाव खराब करते.

एक गोष्ट लक्षात असावी. २००० सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. आणि कायद्याच्याही आधी शेजाऱ्याचा हक्क आहे. भिंतीपलीकडे कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल. शब्द स्वच्छ ऐकू आले की आवाज वाढवावाच लागत नाही. क़िरअत असो, बयान असो की क्रिकेटचे समालोचन, कमी आवाजात स्पष्ट ऐकू येणे, हीच खरी सुधारणा.