मुशीतलं तांबं आणि आमची पुली

शंकराचार्यांच्या ‘उपदेशसाहस्री’त एक दृष्टांत आहे. वितळलेलं तांबं मुशीत ओतलं की ते मुशीचा आकार घेतं, तसं चित्त विषयाचा आकार घेतं. हा दृष्टांत आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. धातू ओतताना मात्र कधी पाहिला नव्हता! निवृत्तीनंतर ती संधी आली, वडाळ्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मित्राच्या जुन्या लेथची पुली फुटली होती, तशी बाजारात मिळेना. म्हटलं, ॲल्युमिनियमची आपणच ओतू.

आपल्या भागाला हे काम परकं नाही. शेजारी माटुंग्याला व्हीजेटीआय आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी याच संस्थेत शिकवत, तेव्हा ती माटुंग्याला आलेली नव्हती. पुढे त्यांच्याच कारखान्यात लोखंडी नांगर तयार झाले. आम्हांला शिकवायला एक मिस्त्री आले, आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ते आम्हांला ‘सर’ म्हणत आणि चुकलं की बिनदिक्कत झापत.

पहिला धडा पॅटर्नचा. पुली १०० मिलिमीटरची हवी, तर लाकडी पॅटर्न साधारण १०१.३ चा करायचा, कारण ॲल्युमिनियम निवताना आकसतं. लेथवर सोलायला जागा ठेवायची ती वेगळीच. म्हणजे बघा, वस्तू बरोबर यायची असेल तर साचा मुद्दाम ‘चुकीचा’ करावा लागतो. शिवाय द्रवाचा घन होतानाही धातू आकसतो, सुमारे सहा टक्के. म्हणून जाड भागावर रायझर, म्हणजे जादा धातूचा साठा ठेवतात. तो सगळ्यात शेवटी गोठला पाहिजे, नाहीतर पुलीतच खड्डा पडतो.

दुसरा धडा तापमानाचा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ओतायचं सातशेच्या आसपास. जास्त तापवलं तर ओलाव्यातला हायड्रोजन ते भरपूर पिऊन घेतं आणि गोठताना बाहेर टाकतं. मग पुलीत टाचणीएवढी भोकं! लोखंडासारखं ते लालभडक दिसत नाही. मिस्त्री म्हणाले, “सर, चांदीसारखं दिसतंय म्हणून थंड समजू नका.”

तिसरा धडा आम्ही त्यांचं न ऐकता शिकलो. ऑगस्ट महिना होता. पुली ओतून झाली, मुशीत थोडा धातू उरला. तो ओतायला लोखंडी ट्रे होता, फडक्याने पुसलेला, दिसायला कोरडा. पण त्यावर गंज होता, आणि गंज ओलावा धरून ठेवतो. मिस्त्री म्हणाले, “आधी ट्रे तापवा.” आम्ही म्हणालो, “कोरडाच आहे हो!” आणि ओतला. पाण्याची वाफ झाली की जागा सुमारे सोळाशे पट लागते. फटकन आवाज झाला, धातूचे थेंब छतापर्यंत उडाले. एक आमच्या बुटावर पडला. चेहऱ्यावर मुखवटा होता म्हणून आज तुमच्यासमोर बसलोय.

पाणी आणि वितळलेला धातू यांचं वैर आम्हांला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण आमच्या लेखी ‘पाणी’ म्हणजे डोळ्यांना दिसणारं पाणी. मिस्त्रींना गंजात पाणी दिसत होतं. आमच्या वाक्यात चूक नव्हती. ते वाक्य या ट्रेला लागू होतं, हे आम्हांला ओळखता आलं नाही. पुस्तकी आणि हातचं ज्ञान यांतला फरक आम्ही एवढाच मानतो.

आता आचार्यांचा दृष्टांत खोटा ठरला का? नाही. दृष्टांत एकाच अंगाने घ्यायचा असतो, हे आपल्या परंपरेनेच सांगितलंय. आकार घेणं त्यांना सांगायचं होतं, आकसणं नाही. पण आज शिकवायचं झालं तर तो १.३ टक्के आम्ही जरूर सांगू.

पुली आजही चालते, कडेला दोन भोकं आहेत. तुमच्यापैकी कुणाला हौस असेल, तर आधी जाणत्याच्या हाताखाली उभे राहा, जमिनीवर कोरडी वाळू पसरा, कारण सिमेंटची फरशीही तडकून उडते. आणि ट्रे तापवा, कोरडा दिसला तरी. आता प्रश्न घेऊ.