जांभळा, हिरवा, तपकिरी आणि बिनरंगी

विहिरीत टाकायची पोटॅशियम परमँगनेटची काळपट-जांभळी खडी अनेकांनी पाहिलेली असेल. १८९०च्या दशकात आग्र्याला काम करणारे जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी कॉलरा रोखण्यासाठी विहिरींत ती टाकायचा आग्रह धरला. हौशी रसायनप्रेमींसाठी मात्र तिचं मोल वेगळंच आहे. इलेक्ट्रॉनची देवघेव एरवी फक्त वहीत मांडावी लागते, इथे ती डोळ्यांनी मोजता येते.

परमँगनेटमधल्या मँगनीजची ऑक्सिडीकरण अवस्था +७ असते. समोर येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेण्याकडे त्याचा कल असतो. किती मिळतात, त्यावर रंग ठरतो.

ग्लासभर पाण्यात एकच बारीक खडा टाका. ढवळू नका. खड्यापासून जांभळ्या रेषा तळाकडे लोंबत जातात. त्या बघण्यासारख्या असतात. मग ढवळून फिकट गुलाबी पाणी करा आणि त्यात 'क' जीवनसत्त्वाच्या गोळीची पूड टाका. रंग पाहता पाहता जातो. गोळी केशरी असेल तर तेवढी केशरी छटा उरते. 'क' जीवनसत्त्वाच्या आम्लात प्रत्येक मँगनीजला पाच इलेक्ट्रॉन मिळाले आणि तो +२ वर आला. इतक्या विरळ द्रावणात या अवस्थेला रंग दिसतच नाही.

आता तसंच नवं गुलाबी पाणी थेंबभर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडा. काही मिनिटांत थेंब तपकिरी होतो. इथे आम्ल नाही, म्हणून मँगनीज तीन इलेक्ट्रॉन घेऊन +४ वर थांबतो आणि मँगनीज डायऑक्साइड बनतो. भाजी धुतलेल्या बादलीला किंवा बोटांना लागणारा डाग हाच. 'क' जीवनसत्त्वाच्या पाण्याने तो निघतो. नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतून निघणाऱ्या मँगनीजच्या खनिजातही हाच डायऑक्साइड असतो आणि परमँगनेटही अशाच खनिजापासून बनवतात.

सगळ्यात देखणा आहे तो हिरवा. त्यासाठी अल्कली लागते, म्हणजे कॉस्टिक सोडा. तो कातडी आणि डोळे जाळतो, म्हणून हा भाग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, चष्मा आणि हातमोजे घालूनच करावा. पाण्यात थोडी साखर विरघळवायची, त्यात कॉस्टिकचं विरळ द्रावण घालायचं आणि मग परमँगनेटचं पाणी थेंब थेंब सोडायचं. जांभळा निळसर होतो, मग स्वच्छ हिरवा. साखरेकडून एकच इलेक्ट्रॉन मिळालाय, मँगनीज +६ वर आहे. मधला निळा म्हणजे उरलेला जांभळा आणि नवा हिरवा एकत्र दिसणं. साखर इलेक्ट्रॉन देतच राहते, त्यामुळे थोड्या वेळाने हिरवाही पिवळट-तपकिरी होतो. युरोपातले जुने रसायनतज्ज्ञ याला 'खनिज सरडा' म्हणत, ते उगाच नाही.

जो गुण रंग दाखवतो तोच धोकाही आहे. कोरडी खडी ग्लिसरीन, साखर, स्पिरिट यांच्याजवळ ठेवू नका. ग्लिसरीनवर ती आपोआप पेट घेते. संडास साफ करायच्या आम्लात ती पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. उरलेलं गुलाबी पाणी 'क' जीवनसत्त्वाने बिनरंगी करूनच मोरीत ओता, आणि बाटली लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.