झांझिबारचा सूर आणि मुंबईची तबकडी

टांझानियाच्या किनाऱ्यालगतचे झांझिबार बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडे फेब्रुवारीत थंडी ओसरू लागते, तेव्हा तिथे ऐन उन्हाळा असतो. याच दिवसांत २००४ पासून तिथे ‘सौती झा बुसारा’ हा संगीत महोत्सव भरतो. स्वाहिली भाषेत या नावाचा अर्थ ‘शहाणपणाचे आवाज’. २०१६ मध्ये पैशाअभावी महोत्सव झाला नाही, पण पुढच्याच वर्षी तो पुन्हा उभा राहिला.

महोत्सवाचे मुख्य ठिकाण म्हणजे स्टोन टाउनमधील जुना किल्ला. पोर्तुगीजांना हुसकावल्यावर ओमानी अरबांनी तो बांधला. उघड्या आकाशाखाली आफ्रिकेतील अनेक देशांचे कलावंत इथे गातात. पण बेटाचे खरे आपले संगीत म्हणजे ‘तारब’. उर्दूतला ‘तरब’, म्हणजे आनंद, हा तोच अरबी शब्द. ऊद, कानून आणि व्हायोलिनच्या साथीचे हे गाणे सुलतान बर्गश यांच्या काळात इजिप्तहून दरबारात आले. तिथे ते अरबीत गायले जाई.

त्याला लोकांच्या भाषेत आणले सिती बिंत साद यांनी. गुलामीत जगलेल्या आईबापांची ही मुलगी. तिचे पाळण्यातले नाव ‘म्तुम्वा’, म्हणजेच गुलाम! मातीची भांडी विकून ती पोट भरायची. पुढे तिच्या आवाजाने तिला ‘सिती’ हे मानाचे नाव मिळवून दिले. १९२८ मध्ये ती आपल्या साथीदारांसह समुद्रमार्गे मुंबईला आली आणि इथे तिची स्वाहिली गाणी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित झाली. १९५० मध्ये सितीचे निधन झाले. तिची गाणी पुढे बी किदुडे या गायिकेने म्हातारपणापर्यंत गायली, या महोत्सवातही. २०१३ मध्ये त्याही अल्लाहला प्याऱ्या झाल्या.

सहकुटुंब जायचे असल्यास दारेसलामहून बोटीने सुमारे दोन तासांत बेटावर पोहोचता येते. वस्ती बहुतांश मुस्लिम असल्याने हलाल जेवणाची चिंता नाही. गावात फिरताना अंगभर कपडे घालावेत, अशी स्थानिकांची अपेक्षा असते.

आणि जाणे जमले नाही, तरी एक काम घरबसल्या होण्यासारखे आहे. एका गरीब बाईचा आवाज मुंबईत जपला गेला, म्हणून तो आजही ऐकता येतो. आपल्या दादी-नानींना हळदी-मेंदीची कितीतरी गाणी तोंडपाठ आहेत. ती कुठे लिहिलेली नाहीत. मोबाइल तर प्रत्येक घरात आहे. येत्या सुटीत त्यांच्याजवळ बसा, त्यांना गायला सांगा आणि ती गाणी जपून ठेवा.