वारीत एकटा आलेला माणूस दिंडीचा कसा होतो?

आषाढी वारी म्हटलं की मोबाईलवर पहिला फोटो येतो तो दिवेघाटाचा. पण दिवेघाट हा माउलींच्या पालखीचा रस्ता. तुकोबांची पालखी पुण्यातून वेगळी वाट धरते आणि लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम करत बारामतीत येते. इथल्या माणसाला वारीबद्दल विचारलं तर तो दिवेघाटाचं नाव काढत नाही. तो काटेवाडीची मेंढरं, बेलवाडीचं रिंगण आणि इंदापूरचा मुक्काम सांगतो.

बारामती ते इंदापूर हे अंतर साधारण ५० किलोमीटरचं. गाडीने तासाभराचा रस्ता. पालखी मात्र तो मुक्काम करत करत पार करते. या वाटेवर लाखो माणसं असतात आणि त्यात एक माणूस असा असतोच, जो कुणासोबत आलेला नसतो. कुणाचं माणूस गेलेलं असतं, कुणी निवृत्त झालेलं असतं, कुणी आयुष्यभर देवळं, मठ आणि बुवा करून थकलेलं असतं.

प्रश्न असा, की अशा एकट्या माणसाचं वारीत काय होतं?

सुरुवातीला तो 'मोकळ्या समाजात' असतो. हा वारीतलाच शब्द आहे. जे कुठल्याही दिंडीत नाहीत, आपापले चालतात, ते सगळे मोकळा समाज. त्यांना कुणी अडवत नाही. वाटेत गावोगावी अन्नदान असतं, त्यामुळे उपाशीही राहावं लागत नाही. पण रात्री झोपायचं कुठे, पाय सुजला तर सांगायचं कुणाला, हे त्याचं त्यानेच बघायचं.

दिंडीत हा प्रश्न सुटतो. दिंडी म्हणजे नुसता घोळका नाही. प्रत्येक मानाच्या दिंडीला क्रमांक असतो आणि तिची जागा ठरलेली असते, रथाच्या पुढे किंवा रथाच्या मागे. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मध्ये पखवाज, वीणा घेतलेला विणेकरी, मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. मुक्कामाचं सामान ट्रकमधून पुढे जातं. माणसं पोचेपर्यंत तंबू लागलेले असतात आणि चुली पेटलेल्या असतात. खर्चासाठी प्रत्येकजण ठरलेली रक्कम भरतो.

म्हणजे दिंडीत आलेल्या माणसाला पहिल्यांदा देव मिळत नाही. त्याला चालायची रांग मिळते, तंबूत जागा मिळते, पंगतीत पान मिळतं. संध्याकाळी तो दिसला नाही तर विचारणारं कुणीतरी मिळतं. त्याच्या मनातल्या शंका फिटल्या आहेत का, हे कुणी विचारत नाही. टाळ हातात देतात आणि पावली शिकवतात.

पुढची पायरी माळेची. गळ्यात तुळशीची माळ घातली की माणूस 'माळकरी' झाला. माळ दुकानातून आणून स्वतःच घालायची नसते. ज्येष्ठ वारकऱ्याच्या किंवा महाराजांच्या हातून ती घेतात. त्यामागचे नियम थोडे, पण रोजचे असतात : मांस आणि दारू सोडायची, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा, वारी चुकवायची नाही. घर सोडायचं नाही, लग्न मोडायचं नाही, शेती विकायची नाही. संन्यास न घेता पाळता येईल अशीच ही शिस्त आहे. म्हणून वारीहून परतलेला माणूस पुन्हा एकटा पडत नाही. गावात एकादशीचं कीर्तन असतं, भजन असतं, वर्षाचा हरिनाम सप्ताह असतो.

आता ज्यांच्या पादुका या रस्त्याने जातात, त्या तुकोबांचीच गोष्ट बघा. १६३० च्या सुमाराला महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेला, व्यापार बसला. तुकोबा भामचंद्र आणि भंडारा डोंगरावर जाऊन एकटे बसायला लागले. शोध एकट्याचाच होता. पण ते डोंगरावर राहिले नाहीत. देहूतलं विठ्ठलाचं देऊळ त्यांनी दुरुस्त केलं आणि तिथे कीर्तनाला उभे राहिले. परंपरा त्यांच्या चौदा टाळकऱ्यांची नावं आजही सांगते. डोंगरावर सुरू झालेला शोध टाळकऱ्यांमध्ये येऊन थांबला.

तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंची वाट याहून अवघड होती. हे सगळं त्यांनीच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवलंय. वेरूळ भागातल्या देवगावात जन्म, अगदी लहानपणी वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न, मग घरच्या अडचणींमुळे गाव सोडून भटकंती. कोल्हापुरात असताना जयराम स्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले आणि तोच आपला गुरू, असं ठरवलं. ब्राह्मण घरातल्या मुलीने शूद्र मानल्या गेलेल्या माणसाला गुरू मानणं नवऱ्याला सहन झालं नाही. त्याने मारहाण केली. पुढे नवऱ्याचं मन बदललं आणि कुटुंब देहूला आलं. तिथेही मंबाजीचा विरोध होताच. पण ज्या कीर्तनासाठी एवढं सोसलं, ते आता त्यांना समोर बसून ऐकता येत होतं.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून निघालेली तीच पालखी आज बारामतीच्या शारदा प्रांगणात मुक्कामाला येते.

दुसऱ्या दिवशी ती काटेवाडीत पोचते. तिथे परीट समाजाची माणसं पालखीच्या वाटेवर पांढऱ्या धोतरांच्या पायघड्या घालतात. मेंढपाळ आपली मेंढरं पालखीभोवती पळवतात, तेच मेंढ्यांचं रिंगण. पुढे सणसरचा मुक्काम करून पालखी बेलवाडीत येते आणि तिथे गोल रिंगण होतं. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. या माणसांपैकी अनेकजण पंढरपूरपर्यंत चालत जात नाहीत. तरी सोहळ्यात त्यांची जागा पक्की आहे आणि ती त्यांच्या रोजच्या कामातून आलीय. धोतर धुणाऱ्याने धोतर अंथरायचं, मेंढरं राखणाऱ्याने मेंढरं आणायची.

पण हे चित्र इतकं साधं नव्हतं. 'सगळे माउली' म्हणणाऱ्या संप्रदायातही जात वाटेत आडवी आलीच. संत चोखामेळ्यांची समाधी पंढरपुरात देवळाच्या आत नाही, महाद्वारासमोर आहे. दलितांना विठ्ठल मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे दार उघडलं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांची पंगत वेगळी बसत होती. भजन एक, ताट वेगळं. ही सल त्यांनी 'वाटचाल' या लेखात मांडलीय.

म्हणून दिंडीची खरी परीक्षा पंगतीत होते. एकमेकांच्या पाया पडायची पद्धत तर जुनीच आहे. समोरचा वयाने लहान असला तरी वारकरी वाकतो आणि समोरचाही वाकतो. पण पाया पडल्यावर शेजारी बसून जेवायचं की नाही, हे ज्या त्या पिढीला ठरवावं लागतं. एकट्या आलेल्या माणसाला दिंडी आपली वाटेल की नाही, हेही तिथेच ठरतं.

निमगाव केतकी आणि इंदापूरचा मुक्काम झाला की पालखी सराटीला येते. तिथे तुकोबांच्या पादुकांना नीरा स्नान घालतात आणि पालखी नदी ओलांडून अकलूजकडे, सोलापूर जिल्ह्यात जाते. बारामतीपर्यंत मोकळ्या समाजात चाललेला एखादा माणूस नदी ओलांडताना कुणाच्या तरी मागे, ठरलेल्या रांगेत असतो. त्याचा देवाचा शोध संपलेला असेलच असं नाही. फक्त आता संध्याकाळी तो तंबूवर पोचला नाही, तर कुणीतरी त्याला शोधायला निघतं.