मानमोडी की बर्ड फ्लू? मेलेल्या कोंबडीचा मेंदू काय सांगतो

नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये २००६ च्या सुरुवातीला कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा पहिला संशय राणीखेतवर, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीवर गेला. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल जाहीर झाला: बर्ड फ्लू, एच५एन१. देशातली ही पहिलीच नोंद. थोड्याच दिवसांत सीमेपलीकडचं उच्छलही त्यात सापडलं. तो तालुका तेव्हा सुरत जिल्ह्यात होता. तापी जिल्हा २००७ मध्ये झाला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

संशय चुकला, यात नवल नाही. दोन्ही रोगांत धाप लागते, मान वाकडी होते, पक्षी अचानक मरतो. फाडून पाहिलं तर दोन्हीत जठर-आतड्यावर रक्ताचे ठिपके दिसू शकतात. नुसत्या डोळ्यांनी ठरवणं कठीणच.

म्हणून मेंदू, फुप्फुस, यकृत, स्वादुपिंडाचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये ठेवून, पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. इथे सूज म्हणजे फुगवटा नव्हे, तर विषाणूशी लढायला गोळा झालेल्या पांढऱ्या पेशी. मेंदूत त्या रक्तवाहिनीभोवती कडं करून बसतात.

गोम अशी की, हे कडं तयार व्हायला वेळ लागतो. लागण होऊन दिवस-दोन दिवसांत मेलेल्या कोंबडीत सूज जवळपास नसतेच. दिसतात मेलेल्या पेशी आणि रक्तस्राव. काही दिवस तग धरलेल्या कोंबडीत मात्र ती स्पष्ट सापडते. म्हणजे सूज नाही म्हणून विषाणू नाही, असं म्हणता येत नाही.

श्वासाचा रोग मेंदूपर्यंत जातो कसा? फ्लूच्या विषाणूवरचं एक प्रथिन कापलं गेल्याशिवाय तो पेशीत शिरू शकत नाही. सौम्य प्रकारांचं प्रथिन कापणारी विकरं मुख्यतः श्वासनलिका आणि आतड्यात असतात. घातक एच५ चं प्रथिन कापणारं विकर जवळजवळ प्रत्येक अवयवात असतं. मग हृदय, मेंदू, काहीच सुटत नाही.

तरी मेंदूतलं कडं रोगाचं नाव सांगत नाही. मानमोडीतही ते दिसतं. नाव ठरतं ते विषाणूच्या चाचणीवरून. त्यासाठी तुकड्यांचा दुसरा संच बर्फात पाठवावा लागतो, कारण फॉर्मेलिनमध्ये विषाणू मरतो आणि अंड्यात वाढवून पाहता येत नाही.

२०२१ च्या सुरुवातीला नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला. अचानक मर झाली तर पोल्ट्रीवाल्यांनी स्वतः कोंबडी फाडून पाहू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावं.